कलम नऊ कुणी घातलं?

आमच्या सोसायटीच्या पार्किंग नियमावलीत कलम नऊ आहे : 'पाहुण्यांची गाडी रात्री दहानंतर आवारात आढळल्यास चाकांतील हवा काढण्यात येईल.' हे कुणी घातलं? चिटणीस म्हणतात, आधीच्या कमिटीने. आधीची कमिटी म्हणते, आमच्या वेळी नुसता दंड होता, हवा नंतर आली. नियमावलीची वर्ड फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये तिचा निराळा अवतार नांदतो.

आम्हा प्रोग्रामर मंडळींकडे यावर गिट आहे : फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणारी जगभरची माणसं आपले बदल सांभाळायला बिटकीपर नावाची अशीच एक प्रणाली वापरत. २००५ मध्ये वादावादी होऊन त्याची फुकट वापराची सोय गेली, तेव्हा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स काही दिवसांत स्वतःचंच काहीतरी लिहून मोकळा झाला. तेच गिट. ७ एप्रिलच्या पहिल्या नोंदीत त्याने गिटचं वर्णन 'नरकातून आलेला माहिती-व्यवस्थापक' असं करून ठेवलंय. ते अजून तिथेच आहे. आमच्या कमिटीने एव्हाना ते सभ्य करून घेतलं असतं.

गिटमुळे जुनं परत मिळतं हे खरंच, पण माझ्या मते खरी गंमत 'गिट ब्लेम'मध्ये आहे. ही कमांड दिली की प्रत्येक ओळीपुढे उमटतं : शेवटचा हात कुणाचा, कोणत्या तारखेला, किती वाजता. तिथून बदलाचं कारणही सापडतं. अर्थात, लिहिलं असेल तर! आमच्या ऑफिसात 'किरकोळ बदल' एवढंच लिहून अख्खी पगाराची स्लिप उलटीपालटी करणारे महाभाग आहेत. आणि दोघांनी एकच ओळ बदलली, तर गिट निवाडा करत नाही. दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडून गप्प बसतं. अध्यक्षांना हे एकदा दाखवायला हवं.

सर्वसाधारण सभेत मी हे सगळं मांडलं. माना डोलल्या. मग खजिनदारांनी हळूच विचारलं, "मागचं एखादं खोडता येतं ना?"

म्हटलं, "येतं. पण प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीची खूण गुंफलेली असते. एक बदलली की पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात. शिवाय आधीचा इतिहास ज्याने त्याने उतरवून घेतलेला असतो, त्यामुळे बोभाटा होतोच."

विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. सूचक : खजिनदार. अनुमोदक : चिटणीस.