पावतीबुक आणि पर्यटक

कोपरीला पर्यटनस्थळ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ठाणे स्टेशनच्या दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडलं की ‘ईस्ट’ सुरू होतं आणि मुंबईची हद्द लागली की संपतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि त्या रुळांनी चेंदणी कोळीवाड्याचे दोन भाग केले. पश्चिमेच्या वाट्याला तलावपाळी, कौपिनेश्वराचं देऊळ, गडकरी रंगायतन आणि किल्ल्यातला तुरुंगसुद्धा आला. आमच्या वाट्याला खाडी, फाळणीनंतर संसार डोक्यावर घेऊन आलेली सिंधी मंडळी आणि आनंदनगरचा टोलनाका. या नाक्यावर रोज हजारो माणसं थांबायची, पण त्यांचे चेहरे सहलीला निघाल्यासारखे नसायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि कोपरीत थांबायचं तेवढंही कारण उरलं नाही.

अशा गावात आमच्या मंडळाच्या बैठकीत नानांनी ‘पर्यटन’ म्हटलं, तेव्हा चहा ओतणारा मुलगासुद्धा थबकला.

नाना आमचे अध्यक्ष. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारी कागदाची त्यांना भीती नाही, उलट थोडी ओढच आहे. ‘सरकार द्यायला बसलंय, आपण मागतच नाही,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. त्या दिवशी ते कात्रणांची फाईल घेऊनच आले होते. २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी १,८०० भजनी मंडळांना वाद्यं घ्यायला प्रत्येकी २५ हजार रुपये जाहीर झाले. साहित्य संमेलनाचं अनुदान ५० लाखांवरून २ कोटींवर गेलं. ‘भाषणं तेवढीच आहेत, पैसे चौपट,’ नाना म्हणाले. मग त्यांनी बंगाल काढला. तिथल्या दुर्गापूजा मंडळांना सरकार २०१८ मध्ये प्रत्येकी १० हजार देत होतं, २०२५ मध्ये ती रक्कम १ लाख १० हजार झाली. ‘आणि आपण अजून पावतीबुक घेऊन जिने चढतोय!’

जिने चढण्याबद्दल त्यांच्या मनात राग होता, तो रास्त होता. कोपरीतल्या निम्म्या इमारतींना लिफ्ट नाही, आणि ज्यांना आहे त्यांतल्या निम्म्यांची चालत नाही.

नानांनी कुठून तरी अर्जाचा एक नमुना मिळवला होता. कुठल्या खात्याचा, ते कळायला मार्ग नव्हता, कारण वरचा कोपरा झेरॉक्स काढताना कापला गेला होता. पण रकाने स्पष्ट होते. ‘कार्यक्रमाचे वेगळेपण’ आम्ही चटकन भरलं. पाडव्याला आमच्या गल्लीतून शोभायात्रा निघते आणि बहुतेक वर्षी दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरून चेटीचंडची झुलेलालची मिरवणूक जाते. ढोलवाले तेच, मांडववाला तोच, फक्त प्रसाद बदलतो. आदल्या दिवशी श्रीखंड आणि दुसऱ्या दिवशी सिंधी मंडळींचा केशरी गोड भात. दोन्ही दिवस रांगेत उभी राहणारी तोंडंही तीच. याहून वेगळेपण काय हवं?

पुढचा रकाना होता ‘अपेक्षित पर्यटक संख्या (परगावचे व परदेशी स्वतंत्र दाखवावेत)’. तिथे पेन अडलं.

आमचा सचिव वयाने तरुण आणि स्वभावाने प्रामाणिक आहे; मंडळाच्या कामाला हे दोन्ही गुण जरा जास्तच होतात. तो म्हणाला, ‘नाना, कोपरीत परदेशातून दरवर्षी येणारे फक्त फ्लेमिंगो.’ (सगळे परदेशातून येत नाहीत, बरेचसे कच्छकडचे असतात, हे त्याला माहीत होतं, पण कच्छ परगावात धरायचं की परराज्यात, असा नवा वाद त्याला नको होता.) विनोद सोडला तर पोराचं खरं होतं. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. थंडीच्या तोंडाला पक्षी येतात, मे अखेरपर्यंत राहतात, आणि ते का राहतात याचं अभ्यासकांनी दिलेलं एक कारण मला फार आवडतं. आपण खाडीत सोडतो त्या सांडपाण्यावर शेवाळ पोसतं आणि त्या शेवाळावर फ्लेमिंगो. पर्यटनासाठी ठाणेकरांनी सातत्याने आणि कोणतीही अट न घालता दिलेलं अनुदान हे एवढंच. त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मात्र कोणी मागत नाही. चेंदणीच्या कोळ्यांना विचारलं तर ते सांगतात की याच पाण्याने त्यांची मासळी गेली. एकाला पाहुणचार, दुसऱ्याला उपास.

‘पक्षी सोड,’ नाना म्हणाले. ‘माणसं सांग.’

माणसं मोजायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आमच्या पाडव्याला बाहेरून खूप माणसं येतात. बदलापूरहून येतात, घोडबंदरच्या उंच टॉवरांतून येतात, पनवेल आणि पुण्याहून येतात. एकेकाळी ती कोपरीतच राहत होती. इथल्या दोन खोल्या अपुऱ्या पडल्या तशी ती लांब गेली, आणि पाडव्याला नऊवारी नेसून, पोरांना फेटे बांधून, रिक्षाचे भरमसाट पैसे देऊन परत येतात. आल्यावर आधी विचारतात, ‘गटारावरचं झाकण अजून तसंच?’ झाकण तसंच असतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं.

‘हे पर्यटक धरायचे का?’ सचिवाने विचारलं.

‘मुक्काम करतात का बघ. पुढे मुक्कामी पर्यटकांचा रकाना आहे.’

मुक्काम करतात. बहिणीच्या घरी हॉलमध्ये चार गाद्या टाकून करतात. हॉटेलच्या खोल्यांची आकडेवारी जोडा, असं खाली लिहिलं होतं. सतरंज्यांची चालेल का, हे विचारायला फोन नंबर नव्हता. तोही त्या कापलेल्या कोपऱ्यात गेला असणार.

मला मधेच डोंबिवली आठवली. १९९९ मध्ये तिथल्या गणेश मंदिर संस्थानाने आबासाहेब पटवारी यांच्या पुढाकाराने पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा काढली. तेव्हा कोणी ‘अपेक्षित पर्यटक’ लिहिले असतील असं वाटत नाही. माणसांनी घरातून बाहेर यावं, एकमेकांना बघावं, एवढंच डोक्यात असणार. ती पद्धत गिरगावात गेली, ठाण्यात आली, गावोगाव पसरली, आणि आता पाडव्याच्या सकाळी मोठाल्या लेन्सा लावलेले छायाचित्रकार बुलेटवर बसलेल्या बायकांसमोर रस्त्यात पालथे पडलेले दिसतात. त्यांना पर्यटक म्हणायला हरकत नाही. पण ते आले ते यात्रा चांगली होती म्हणून. यात्रा काही ते यावेत म्हणून निघाली नव्हती. अर्जात हा क्रम उलटा मांडायला सांगतात, तिथे माझं बिनसतं.

हे मी बैठकीत बोललो. ‘निबंध नंतर लिहा,’ नाना म्हणाले.

अनुदान वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५० हजार गोविंदांचा विमा काढला, माणशी ७५ रुपये हप्ता भरून. मला विचाराल तर उत्सवावर खर्च झालेल्या सरकारी पैशांत हा सगळ्यात शहाणा. ठाण्यात १० ऑगस्ट २०१२ ला जय जवान पथकाने ४३.७९ फुटांचा मनोरा रचला आणि गिनेसच्या पुस्तकात नाव नेलं. ते बघायला माणसं लांबून येतात, टीव्हीच्या गाड्या येतात, लाखांची बक्षिसं लागतात, आणि बक्षीस देणाऱ्याचा फोटो थरांपेक्षा उंच लावलेला असतो. सगळ्यात खालच्या थरातल्या माणसाचा खांदा कोणत्याच बॅनरवर नसतो. त्याच्यासाठी कोणी ७५ रुपये भरले, तर मी टाळी वाजवीन.

बॅनरवरून विषय निघालाच. अर्ज नाही केला तर उरतो प्रायोजक. त्याला झाडून सगळ्या खांबांवर फोटो हवा असतो, शिवाय आरतीच्या वेळी माईक. अनुदान देणाऱ्याला कार्यक्रमाचे फोटो हवे असतात, अक्षांश-रेखांशासकट. खर्चाची तीन दरपत्रकं हवी असतात. ढोलवाल्याकडून दरपत्रक मागितलं तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, वाजवून दाखवतो, मग ठरवा.’ दुसऱ्या दोन पथकांची दरपत्रकंही त्यानेच आणून दिली. तिन्हींचं अक्षर एक होतं आणि सगळ्यात कमी दर अर्थातच त्याचा होता. वर्गणीचा मात्र हिशेब वेगळा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून ४१-क खाली परवानगी काढली की कायद्याचं काम झालं, पण खरी तपासणी त्यानंतर सुरू होते. एक्कावन्न रुपये देणारा माणूस वर्षभर विचारतो की पेढा इतका लहान का, माईकचा आवाज इतका मोठा का, आणि पताका गेल्या वर्षीच्याच का. एवढा कडक लेखापरीक्षक कुठल्याही खात्याने आजवर नेमलेला नाही.

‘आर्थिक प्रभाव’ हा शेवटून दुसरा रकाना. सचिवाने मोबाईलवर शोधून सांगितलं की २०१९ च्या दुर्गापूजेची उलाढाल ब्रिटिश कौन्सिलच्या अहवालात ३२,३७७ कोटी रुपये काढली आहे. सगळे गप्प झाले. मग आम्ही आमची मांडली: वडापाव, ऊसाचा रस, गजरे, फुगे, फेटे बांधणाऱ्याची मजुरी, रिक्षा. बेरीज नाना दोनदा करून बघत होते आणि दोन्ही वेळा वेगळी येत होती. शेवटी तिथे ‘लक्षणीय’ असं लिहिलं.

आणि मग आली ‘मागील वर्षीची पर्यटक संख्या (पुरावा जोडावा)’.

इतका वेळ खजिनदार काका एका कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते. ते उठले, कपाटातून गेल्या वर्षीचं पावतीबुक काढलं आणि स्थळप्रती उलटायला लागले. बदलापूर, एक्कावन्न. कासारवडवली, पाचशे एक. पनवेल, एकशे एक. न्यू जर्सी, दोन हजार एक, हस्ते आई. पुणे, एकशे एक, ‘पेढे पाठवले नाहीत’ असा शेरा. पाडव्याला आलेला एकही माणूस पावती फाडल्याशिवाय परत गेला नव्हता. आम्ही पर्यटकांमागे सरकारकडे पैसे मागत होतो आणि आमचे पर्यटक येताना स्वतःचे पैसे घेऊन येत होते.

नाना हरखले. ‘झालं! हाच पुरावा. परगावच्या स्थळप्रती झेरॉक्स करायच्या, साक्षांकित करायच्या आणि जोडायच्या.’

ही बातमी जिन्याने वर जायला पाच मिनिटं लागली. (लिफ्टने लागली नसती, पण ती बंद आहे.) दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांची बदलापूरची धाकटी बहीण दर पाडव्याला येते, तशाच ओल्या हातांनी खाली आल्या.

‘नाना, आमच्या सुमीची पावती तेवढी जोडू नका.’

‘का हो? सरकारी काम आहे, नाव कुठे बाहेर जात नाही.’

‘नावाचं नाही. तिने घरी एकशे एक सांगितलेत. दिलेत एक्कावन्न. उरलेल्या पन्नासाचे गजरे घेतले आम्ही.’

नानांनी पेन उघडलं आणि ‘आर्थिक प्रभाव’च्या रकान्यात, ‘लक्षणीय’च्या पुढे, पन्नास रुपये वाढवले.