निसर्गाच्या कुशीत, मोफत पार्किंगसह

रात्री झोप लागेना की मी हॉटेलांच्या वेबसाइट बघत पडतो. जायचं कुठेच नसतं. काही लोक बिर्याणीच्या पाककृती वाचतात आणि पिठलं-भात खाऊन झोपतात, त्यातलाच हा प्रकार.

इतक्या वर्षांच्या व्यासंगानंतर सांगतो, झाडून सगळी हॉटेलं निसर्गाच्या कुशीत असतात. खोलीचा फोटो असा काढलेला असतो, की पलंगावरून बाथरूमला जायला रिक्षा करावी लागेल. आणि पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस. प्रत्यक्षात टॉवेल एकच मिळतो, तोही मागितल्यावर.

गेल्या हिवाळ्यात माथेरानचं हॉटेल असंच वेबसाइट बघून ठरवलं. सुविधांमध्ये ठळक लिहिलं होतं : मोफत पार्किंग. आता माथेरानात मोटारींना बंदी. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर नाहीतर अमन लॉजहून मिनी ट्रेनने जायचं. अलीकडे ई-रिक्षाही आल्यात. मग हे पार्किंग कसलं? "घोड्याचं असेल हो," बायको म्हणाली.

आम्ही पायी निघालो. चाकांची बॅग तांबड्या मातीत शंभर पावलं चालली, मग एक चाक तिथेच राहिलं. हमाल केला. त्याला फोनवरचा नकाशा दाखवू लागलो, तर त्याने बघितलंसुद्धा नाही. "ते माकडांचं ना?" म्हणाला आणि बॅग डोक्यावर घेऊन चालू लागला.

एवढी नेमकी माहिती त्या वेबसाइटवर कुठेही नव्हती. इतिहास मात्र भरपूर होता. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान शोधलं, 1907 साली नेरळहून मिनी ट्रेन सुरू झाली, सगळं अगदी बरोबर. मॅलेटसाहेब डोंगर कधी चढले ते पाठ झालं. दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी किती वाजता चढतं, ते तेवढं कळलं नाही. (सात ते आठ. आम्ही सव्वाआठला उठलो.)

तेव्हापासून माझी परीक्षा एकच. मालकाने स्वतःच्या तोट्याची एक तरी गोष्ट लिहिली आहे का? कोकणातल्या एका घरगुती निवासाच्या पानावर वाचलं होतं, "पहाटे चारपासून कोंबडा ओरडतो, तो आमचाच आहे." राजहंस नाहीत, ड्रोनचा व्हिडिओ नाही, फोटोही जरा तिरकेच. पण वाचता वाचता मी कॅलेंडर काढलं.

माथेरानच्या मॅनेजरला निघताना पार्किंगचं विचारलंच. तो ओशाळून हसला. "साहेब, वेबसाइट मालकांच्या पुतण्याने केलीय. तो पुण्याला असतो. इकडे अजून आलेला नाही."

परवा रात्री सहज ते पान पुन्हा उघडलं. पार्किंग काढून टाकलंय. त्या जागी नवी सुविधा आली आहे : खोलीतूनच वन्यजीवदर्शन.