आता हा शेवटचा बदल

न्यूफाउंडलंडच्या ज्या खाडीकाठच्या गावात मी नर्सची नोकरी करते, तिथे माझ्या घरमालकांना सगळा गाव ‘स्किपर’ म्हणतो. पहिल्या दिवशी किल्ली देताना ते “येस, बाय” म्हणाले आणि मी चपापले. आमच्या मालवणात ‘बाय’ म्हणजे लेक. हा सहा फुटी, लाल नाकाचा बाप्या मला आजीसारखी हाक कशी मारतोय? मग कळलं, इथे बाप्यांनाही ‘बाय’च म्हणतात. दुसरा धडा त्याच आठवड्यात मिळाला. मी म्हटलं, आज फिश केलंय. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. “हे सॅमन. फिश म्हणजे कॉड.”

स्किपरांची गाडी बारा महिने बर्फापावसात उभी असते, कारण गॅरेजमध्ये कॉड पकडायचे पिंजरे राहतात. लोखंडी सळ्यांची चौकट, भोवती जाळी, आत निमुळतं होत जाणारं तोंड, मध्ये आमिषाची पिशवी. यात बदलण्यासारखं काय असणार? पण गेली चार वर्षं मी एकच वाक्य ऐकतेय, “आता हा शेवटचा बदल.” चालू मिक्सर उघडून बसणारे काका तुमच्याकडे असतीलच. त्यांना समुद्र दिला तर काय होईल, ते मी रोज बघते. आमिषाची माकुलं माझ्या फ्रीजरमध्ये, मटारांना खेटून असतात. तक्रार केली की म्हणतात, “तुझाच कप्पा रिकामा होता.”

एकदा मी माशाच्या कढीला फोडणी देत होते, तर स्किपर अंगणातून नाकाच्या रेषेत चालत आले. दारात थबकले आणि ओरडले, “बघ! मी वाऱ्याच्या उलट आलो!” कॉडही तसाच येतो म्हणे. आमिषाचा वास प्रवाहाबरोबर वाहत जातो, मासा त्या वासाचा माग काढत प्रवाहाच्या उलट पोहत येतो. पिंजऱ्याचं दार भलत्या बाजूला असलं तर बिचारा मागच्या भिंतीला नाक लावून बसतो. मग नॉर्वेवाल्यांची युक्ती आली. तळावरचे राजखेकडे आत घुसतात म्हणून त्यांनी पिंजरा तळापासून वर तरंगता केला. तो प्रवाहाबरोबर फिरतो आणि दार आपोआप वासाच्या वाटेवर येतं. एवढं समजावून होईपर्यंत माझी कढी फुटली.

कॉड मात्र स्किपरांचं ऐकत नाही. पिंजऱ्यावर कॅमेरा बांधून आणलेलं चित्रीकरण ते रात्री जेवणानंतर लावतात. एक मासा येतो, दाराशी थांबतो, आत बघतो आणि निघून जातो. दुसरा येतो, तोही तसाच. मुलगी बघायला आलेल्यांनी पोहे न खाताच उठावं, तसं. “अरे, आत ये की! माकूल आहे, माकूल!” स्किपर पडद्याला विनवतात. मध्यंतरी माझ्या दिवाळीच्या माळेतल्या हिरव्या दिव्यांकडे ते फार वेळ बघत होते. हिरव्या उजेडाकडे कोळंबीसारखे बारीक जीव गोळा होतात आणि त्यांच्यामागे कॉड येतो. मी माळ काढून ठेवली.

“जाळं टाका आणि मोकळे व्हा,” असं त्यांची बायको म्हणाली की ते गप्प होतात. तुटून तळाशी गेलेलं नायलॉनचं जाळं कुणी ओढायला नसतानाही मासे मारत राहतं. म्हणून यांच्या पिंजऱ्याच्या एका बाजूला सुती दोऱ्याची शिवण असते. पिंजरा हरवलाच तर दोरा कुजतो, बाजू उघडते, आतले सुटतात. कोणता दोरा किती दिवसांत कुजतो, हे बघायला धक्क्याच्या खांबाला बारा दोरे लोंबत असतात. गावातली पोरं त्याला स्किपरची दाढी म्हणतात.

२ जुलै १९९२ ला कॅनडाचे तेव्हाचे मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केल्याचं जाहीर केलं. समुद्रातला मासा संपत आला होता. सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं, त्यांत स्किपर होते. दोन वर्षांची म्हणून आलेली बंदी उठायला २०२४ उजाडलं. या विषयावर मी त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलंय, “आम्ही फार चांगले मच्छीमार होतो, बाय.” मग ते पक्कड शोधायला गेले.

परवा रात्री पडद्यावर एक जाडजूड कॉड चक्क आत शिरला. मी टाळी वाजवायला हात उचलले, पण स्किपर मान वाकडी करून मागची जाळी बघत होते. तिथे चौकोनी भोकांची खिडकी आहे, लहानांना बाहेर पडायला. वीतभर लांबीचं एक पिल्लू तिच्याशी घुटमळत होतं. डोकं बाहेर, मग परत आत. मग अंग तिरकं करून सुळकन गेलं.

स्किपरांनी बायकोला झोपेतून उठवलं. “गेलं! खिडकीतून गेलं!” आणि मला म्हणाले, “जरा अडलं, नाही? खिडकी किंचित वर घ्यायला हवी.”