पॉइंट पासष्ट गणपती

“जावईबापू, बावीस गणपती रंगवून होतील दिवसभरात. पण ते वरचे पॉइंट पासष्ट कुठवर रंगवायचे? पोटापर्यंत, का सोंड पण घ्यायची?”

विचारणाऱ्या मावशी पेणला माझ्या सासऱ्यांच्या गणपतीच्या कारखान्यात कित्येक वर्षं पितांबर रंगवतायत. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. समोरच्या भिंतीवर मी आदल्या संध्याकाळी मोठ्या हौसेने बसवलेला टीव्ही होता. त्यावर मथळा होता ‘आज रंगवायच्या मूर्ती’, त्याखाली २२.६५ हा वीतभर आकडा, आणि वरच्या अंगाला एक तांबडी आडवी रेघ. रेघेवर लिहिलं होतं, ‘धोका २३.९५’.

“आणि चोविसावा रंगवला तर काय होतं?” दुसरीने विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. चोविसावा रंगवला तर रोह्याला पूर येतो.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. मी रोह्याचा. धाटावच्या एमआयडीसीत हिशेबाची नोकरी करतो आणि घरी आल्यावरही आकड्यांशीच खेळतो. रोहेकराला आकड्यांची धास्ती असूच नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं आमच्या रोह्याचं. अर्थात त्यांनी रुपया सांभाळला, मी कुंडलिका सांभाळतो. पावसाळ्यात जिल्ह्यातल्या नद्यांच्या पातळ्या रोज जाहीर होतात. कुंडलिकेची मोजतात डोलवहाळच्या बंधाऱ्याजवळ, तिथली इशारा पातळी २३ मीटर आणि धोका पातळी २३.९५. हे आकडे मी रोज टिपून ठेवतो आणि ग्राफाना नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे आलेख काढतो. टॉर्केल ओडेगार्ड नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी २०१४ साली ते सुरू केलं. जगभर लोक त्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर चालतायत की बसलेत ते बघतात.

पहिला आलेख आईला दाखवला तेव्हाच खरं तर मी शहाणं व्हायला हवं होतं. पाणी दिवसभरात २२.४० वरून २२.६५ वर गेलं होतं, म्हणजे वीतभर. पण उभी मोजपट्टी कुठून सुरू करायची हे मी सांगितलंच नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरने आपल्या मनाने २२.४० ला तळ धरला आणि २२.६५ ला आभाळ. पडद्यावर रेघ खालच्या कोपऱ्यातून निघून वरच्या कोपऱ्याला भिडलेली. आईने चष्मा लावला, बघितलं, आणि काही न बोलता पापडांचे डबे माळ्यावर चढवायला घेतले. कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून, म्हणजे अवघ्या कोकणाचा शून्य आमच्या गावात. माझ्या आलेखात मात्र तो कुठेच नव्हता. (नदीच्या आलेखात शून्य घेऊनही भागत नाही, मग पूरसुद्धा सपाट दिसतो. मी शेवटी तळ २१ वर नेला, धोक्याची तांबडी रेघ टाकली आणि आईला खाली उतरवलं.)

हा आलेख मेहुण्याने पाहिला, आणि तिथून पुढचा घोळ सुरू झाला.

पेणच्या कारखान्यात मूर्तीचा सगळा हिशेब वहीत असतो. कुणाची मूर्ती, किती इंची, शाडूची की पीओपीची, रंग कोणता, पाट आला की नाही, उचल किती. मेहुण्याने ते सगळं ऑफिसातल्या संगणकावर चढवलं होतं. ते भिंतीवर दिसावं अशी त्याची इच्छा. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, आधी ते पटेना. मी त्यांना समजावत होतो, “अण्णा, यात सगळं आधीच ठरवून ठेवता येतं. डिफॉल्ट म्हणतात त्याला.”

“म्हणजे?”

“म्हणजे माणसाने काही सांगितलंच नाही, तर काय द्यायचं ते.”

अण्णा हसले. “हात्तिच्या! डावी सोंड.”

“काय?”

“गिऱ्हाईक येतं, दीड फुटी हवी म्हणतं नि जातं. सोंड कुठली, विचारत नाही. मग डावी. पितांबर पिवळा. उंदीर उजव्या पायाशी. उजव्या सोंडेचा हवा असेल तर तो आधी सांगतो, चारदा सांगतो, वर सोवळं कसं पाळायचं तेही आपल्यालाच सांगतो. न सांगणाऱ्याचा गणपती आपण ठरवायचा. हेच ना तुमचं डिफॉल्ट?”

ग्राफानाच्या माहितीपत्रकाची पानंच्या पानं वाचून मला जे उमगलं नव्हतं ते अण्णांनी हातातली ओली शाडू न ठेवता सांगितलं. आणि त्यांच्या घरात राहून मी ते आधीच ओळखायला हवं होतं. २००९ साली मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पुढ्यात आलेला चहा इतका गोड होता की चमचा उभा राहावा. संकोचापोटी “छान झालाय” म्हणालो. त्या दिवसापासून पेणला माझा चहा तोच आहे. मला कुणी विचारत नाही, मी सांगत नाही.

तर जुलैच्या पहिल्या तारखेला, २०२४ साली, मी लॅपटॉप घेऊन दिवा गाडीत बसलो. निडी, नागोठणे, कासू, पेण. एवढ्या वेळात मी रोह्याला केलेला नदीचा पट कारखान्यासाठी नवा करून टाकला. नव्याने करण्यापेक्षा जुन्याची नक्कल करावी आणि मथळे बदलावेत, हा माझा हिशेबी स्वभाव. ‘कुंडलिका पातळी’ खोडून तिथे ‘आज रंगवायच्या मूर्ती’ लिहिलं. कासूला गाडी थांबली तेव्हा मला वाटलं, संपलं काम.

पेणला पहिली अडचण आली ती पत्त्याची. ग्राफाना माझ्या लॅपटॉपवर चालत होतं आणि बघायचं होतं टीव्हीवर. मी मेहुण्याला म्हटलं, टीव्हीच्या डबीतल्या ब्राउझरमध्ये टाक, लोकलहोस्ट, ३०००. त्याने टाकलं. टीव्ही म्हणाला, काही सापडत नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. अर्धा तास गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. लॅपटॉपने म्हटलं तर लॅपटॉप, टीव्हीने म्हटलं तर टीव्ही. बिचारा टीव्ही अर्धा तास स्वतःच्याच पोटात ग्राफाना शोधत होता. माझी बायको याच्या बरोबर उलट. रोह्याला असली की “आमच्याकडे” म्हणजे पेण, आणि पेणला आली की “आमच्याकडे” म्हणजे रोहा.

लॅपटॉपचा वायफायवरचा खरा पत्ता दिल्यावर पडदा उघडला. काळाकुट्ट. ग्राफानाचा मूळचा अवतारच तो. रात्रभर सर्व्हर राखणाऱ्यांच्या डोळ्यांना बरा पडत असावा. सासूबाई दारातून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, टीव्हीला सुतक का?” गणपतीच्या कारखान्यात काळी भिंत चालायची नाही हे मलाही पटलं.

आता हे बदलायचं कसं, तर एक सेटिंगची फाईल असते. तीत ओळीच्या ओळी: पडद्याचा रंग, आठवडा कुठल्या वारी सुरू, वेळ कुठली, पहिलं पान कोणतं. मी शांतपणे ‘डार्क’च्या जागी ‘लाइट’ लिहिलं. फाईल जतन केली, ग्राफाना बंद करून पुन्हा चालू केलं. काळं. पुन्हा लिहिलं, पुन्हा चालू केलं. काळं. लॅपटॉप बंद-चालू केला, राऊटर बंद-चालू केला, मेहुण्याने न सांगता पंखाही बंद-चालू केला. रात्री साडेअकराला, भाकरी-माशाचं कालवण हादडून झोपेला आलेल्या डोळ्यांनी, मला ते दिसलं. त्या नमुना फाईलमध्ये प्रत्येक सेटिंगच्या आधी एक अर्धविराम असतो. तो जोवर ओळीच्या पुढे आहे तोवर ती ओळ संगणकाच्या लेखी नुसती टीप. तुम्ही त्यात वाट्टेल ते लिहा. तो वाचतच नाही, मूळचं ठरलेलं तेच चालवतो. एक टिंब आणि त्याखाली एक स्वल्पविराम, एवढ्यावर माझे अडीच तास गेले होते. तो खोडला आणि पडदा लख्ख पांढरा झाला. त्या आनंदात मी बाकीचं तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा पॉइंट पासष्टचा प्रश्न आला.

घोटाळा असा की ग्राफानाला माहिती कुठून घ्यायची त्याच्या जोडण्या सांगाव्या लागतात, आणि त्यातली एक डिफॉल्ट असते. तुम्ही काही बोलला नाहीत तर प्रत्येक चौकट तिच्याकडेच धावते. माझ्या लॅपटॉपवर ती जोडणी नदीची होती. मेहुण्याच्या संगणकाची जोडणी मी दिली होती, पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, ३३०६ हा दरवाजाचा क्रमांकही बरोबर. फक्त चौकटींना ते सांगितलंच नव्हतं. मथळा पेणचा, पाणी रोह्याचं. मागितली नव्हती, तरी मावशींना डाव्या सोंडेची नदी मिळाली होती.

मावशींना मी पॉइंट पासष्ट सोडून द्यायला सांगितलं आणि घाईघाईने जोडणी बदलली. आता आकडे खरे आले. म्हणजे मला तसं वाटलं. कारण पुढच्या मिनिटाला सगळा कारखाना उठून उभा राहिला. मधल्या चौकटीत झळकत होतं: ‘चतुर्थीला उरलेले दिवस: ७’.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला. वहीत मेहुण्याने लिहिलेलं ०७/०९. पण त्याच्या संगणकाचा प्रांत दुकानातून आला तसाच अमेरिका ठेवलेला, आणि अमेरिकेत महिना आधी. म्हणून ७ सप्टेंबरचा झाला ९ जुलै. त्या दिवशी होती २ जुलै, मंगळवार. गणपतीला ६७ दिवस बाकी असताना टीव्हीने साठ दिवस गिळले होते. खरं खोटं करायला कॅलेंडर बघावं हे कुणाच्या मनात येईना. निम्म्या मूर्ती कच्च्या, आखणीवाला गावाला गेलेला, एका पोराने तर घाबरून स्प्रेचा कॉम्प्रेसरच सुरू केला. अण्णा तेवढे जागचे हलले नाहीत. ते म्हणाले, “अजून नागपंचमी नाही झाली. पाट कुठे आलेत?” आणि मूर्तीचा कान घासत बसले.

वेळेचंही तसंच. टीव्हीच्या डबीचं घड्याळ ग्रिनिचला लागलेलं, ग्राफाना बघणाऱ्याच्या यंत्राची वेळ धरतं, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे. दुपारी एकला जेवायची सुट्टी झाली तेव्हा टीव्हीत सकाळचे साडेसात. “टीव्हीच्या हिशेबाने आम्ही अजून घरातून निघालोच नाय,” म्हणून दोघीजणी डब्यापाशी जरा जास्तच रेंगाळल्या. जमा रकमेच्या जागी ‘१२५ के’ दिसत होतं. अण्णांनी विचारलं, “हे के कोण? आपल्याकडे केशवरावांची उचल एवढी नाही.” सव्वा लाख असं लिहायला ते सॉफ्टवेअर सहजासहजी तयार होईना, म्हणून तो आकडा मी काढूनच टाकला. पैशाचा आकडा भिंतीवर असूच नये, असं सासूबाईंचं पहिल्यापासून मत होतंच.

संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर आलं. ६७ दिवस, आपली वेळ, सोमवारी सुरू होणारा आठवडा, पांढरी भिंत. मी नदीची चौकट काढायला हात घातला तर अण्णा म्हणाले, “ती राहू द्या.”

“नदी? इथे?”

“आपले टेम्पो कोकणात जातात ते नागोठण्यावरून. अंबेचं पाणी टाका त्यात.”

मी टाकलं. नागोठण्याला अंबेची इशारा पातळी ८ मीटर, धोका ९. अण्णा त्या तांबड्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. १९८९ च्या जुलैतल्या पुरात याच अंबेने जांभूळपाडा आणि नागोठण्यात काय केलं ते त्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. मावशीसुद्धा यावेळी पॉइंटबद्दल काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून पेणच्या त्या भिंतीवर नदी आहे. ऑर्डरी सगळे वहीतच बघतात. वहीला पासवर्ड लागत नाही, आणि वीज गेली तरी ती चालू असते. पावसाळ्यात सकाळी अण्णा येतात, गणपतींना नमस्कार करतात, टीव्हीकडे बघतात आणि टेम्पोवाल्याला सांगतात, जा किंवा थांब. मला मात्र दर दोन दिवसांनी फोन येतो, “जावईबापू, कालचंच पाणी दिसतंय, आजचं भरा.” सुट्टीत कुठे गेलो तरी पातळी भरावी लागते.

त्या दिवशी निघायच्या आधी सासूबाई चहा टाकायला उठल्या. दोन दिवस सेटिंगमध्ये काढून मला जरा धीर आला होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, “आई, माझ्या चहात साखर थोडी कमी टाका.”

“हो हो, सांगायचं नाही का आधी,” त्या म्हणाल्या. बायकोने चमकून बघितलं. मेहुण्यानेही ऐकलं.

चहा आला. एक घोट घेतला. चमचा अजून उभा राहत होता. कप खाली ठेवून मी बशीकडे बघितलं. सासूबाईंनी माझं म्हणणं ऐकलं होतं, लक्षातही ठेवलं असणार, फक्त पुढचा अर्धविराम तेवढा खोडायचा राहिला होता.

“कसा झालाय?” त्यांनी विचारलं.

“छान झालाय,” मी म्हणालो.