थव्यातले भाचेबुवा

सुट्टीला नाशिकला आले की आमचे भाचेबुवा आधी द्वारका चौकात जाऊन उभे राहतात. काम काहीच नसतं. ट्रक, रिक्षा, एसट्या आणि बुलेटवाले एकमेकांत घुसून बसलेले असतात, हॉर्नने कानठळ्या बसत असतात आणि भाचेबुवा भजनात रंगल्यासारखे डोलत असतात. "मामा, कण जिथे मंदावतात तिथे साचतात, आणि साचले की आणखी मंदावतात. बघा, साचले!" साचलेल्यांत माझी स्कूटरही असते, हे त्यांच्या लेखी किरकोळ.

भाचेबुवा भौतिकशास्त्रातले डॉक्टर, सध्या पोस्टडॉक. विषय अ‍ॅक्टिव्ह मॅटर. म्हणजे प्रत्येक कण आपापली ऊर्जा जाळून पळणार: जिवाणू, मासे, पाखरं, कोणीही. असे हजारो एकत्र आले की काय होतं, एवढंच यांना बघायचं. एकट्यादुकट्याशी कर्तव्य नाही. म्हणूनच की काय, घरात एकट्याने हाक मारली तर त्यांना ऐकू जात नाही.

हिवाळ्यात त्यांना नांदूर मध्यमेश्वरला नेलं. बाकीचे दुर्बिणीतून जाती ओळखत होते; यांनी एकाही पाखराचं नाव विचारलं नाही. थवा वळला तसे मात्र हे सुरू झाले. हंगेरीच्या विचेक यांनी १९९५ साली सहकाऱ्यांसह मांडलेला नियम: प्रत्येकाने ठरावीक त्रिज्येतल्या शेजाऱ्यांच्या दिशेची सरासरी काढायची, तिकडे वळायचं आणि वळताना थोडं चुकायचं. गर्दी पुरेशी आणि चुका कमी असल्या, की पुढारी नसतानाही सगळे एकाच दिशेला. त्या चुकण्याला म्हणतात नॉइज.

"हे तर आपल्या कॉलनीसारखंच झालं," ताई म्हणाली. "सगळी पोरं इंजिनिअरिंगला, तिथून हिंजवडीला. तुझंच काय बिनसलं?"

"आई, मी नॉइज आहे," भाचेबुवा म्हणाले. पद्मश्री मिळाल्याच्या सुरात.

२०२२ साली ते अचानक पेढे घेऊन आले. बोल्ट्झमन पदक, सांख्यिकीय भौतिकीतला सर्वोच्च मान, पहिल्यांदाच भारतीयाला!

"तुला?" ताईचे डोळे भरले.

"छे! दीपक धरांना."

"ते आपले कोण?"

"आपलेच," म्हणून त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. लोकांनी लग्न ठरल्याच्या समजुतीने खाल्ले.

यंदा गणपतीच्या जेवणाला आमचे बारावीतले चिरंजीव भाचेबुवांच्या शेजारी बसले आणि वरणभातावरच जाहीर करते झाले, "मी बीएस्सी फिजिक्स करणार." आमच्या सौ.नी वाढता वाढता चिरंजीवांचं ताट उचलून पंगतीच्या टोकाला नेलं.

"काय रे, ती त्रिज्या किती धरायची असते?"

"मामी, ती आपणच ठरवायची असते," भाचेबुवा अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

सौ.नी ताट स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.