दहासाहेब

मैदानावर त्यांना सगळे दहासाहेब म्हणतात. नव्या पोरांना वाटतं, तरुणपणी दहा नंबरची जर्सी घालून फ्लाय-हाफला खेळत असणार. तसं काही नाही. रग्बीच्या नियमपुस्तकातलं दहावं कलम ऑफसाइडचं, आणि साहेबांचा सगळा संसार त्या कलमात. बाकीच्या कलमांना ते लांबच्या नातेवाइकांसारखं, लग्नकार्यापुरतं ओळखतात.

मुंबईत रग्बी म्हणजे पावसाळा. बॉम्बे जिमखान्याच्या ज्या मैदानावर १९३३ साली भारतातली पहिली क्रिकेट कसोटी झाली, तिथेच ऐन पावसात तीसजण चिखलात लोळत असतात. कोण कुठल्या संघाचा हे सख्ख्या आईलाही सांगता येऊ नये. साहेबांना मात्र कोणाचा कुठला पाय कुठे आहे ते दिसतं.

त्यांचा लाडका प्रसंग असा. टचलाइनच्या कडेने पळणाऱ्याने चेंडू पुढे मारला आणि झोकात स्वतः रेषेबाहेर गेला. त्याचे जे सोबती त्याच्या पुढे होते ते ऑफसाइड. त्यांनी खेळात नाक खुपसायचं नाही. आता हा पठ्ठ्या बाहेरूनच पळत सोबत्यांच्या पुढे निघून गेला. सुटले का ते? नाही! तो मैदानात परत पाऊल टाकेपर्यंत नाही. आणि पाऊल रेषेवर पडलं तर? रेषा म्हणजे बाहेर. एवढं सांगून साहेब थांबतात, समोरच्याच्या चेहऱ्यावर आनंद शोधतात. तो तिथे क्वचितच सापडतो.

यात रेफरीने एकाच वेळी पळणाऱ्याचा पाय, सोबत्यांची चुळबुळ आणि चेंडू झेलणारा असं तिन्हीकडे बघायचं असतं. देवाने डोळे दोनच दिले, ही साहेबांची जुनी तक्रार.

२०२४च्या जुलैत वर्ल्ड रग्बीने एक पळवाट बुजवली. तोवर चेंडू झेलणारा पाच मीटर पळाला किंवा त्याने पास दिला, की पुढे नुसते उभे राहिलेले ऑफसाइड गडी आपोआप शुद्ध होत. फ्रान्सच्या आंत्वान द्युपाँच्या नावाने ओळखली जाणारी ही सवलत गेली, तेव्हा साहेबांनी पेढे वाटले. कशाचे, ते विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

एकदा बँकेच्या रांगेत एक गृहस्थ पुन्हा शिरले. ‘‘मी इथेच होतो हो, झेरॉक्सला गेलो होतो.’’

‘‘गेलात, मान्य. परत आलात, तेही मान्य. पण आलात ते ह्या बाईंच्या पुढे. मागे जा.’’

बाई खूश झाल्या. ‘‘बरं झालं बोललात, भाऊ.’’

‘‘आणि तुमचा पाय पिवळ्या पट्टीवर आहे.’’

हौशी रेफरींमध्ये असे बरेच आढळतात, पण साहेबांइतका निःपक्षपाती माणूस विरळा. गेल्या पावसाळ्यात खेळाच्या मागे धावता धावता ते घसरले ते थेट टचलाइनबाहेर, माळीबुवांच्या पाटीशेजारी. शिट्टी फुंकून त्यांनी खेळ थांबवला. उठले, चष्मा पुसला आणि रेषेपाशी येऊन उभेच राहिले. पाऊस कोसळत होता.

‘‘सर, आत या ना!’’ एक कर्णधार ओरडला.

‘‘बाहेर गेलेल्याने रेफरीच्या परवानगीशिवाय आत यायचं नसतं.’’

‘‘पण सर, रेफरी तुम्हीच आहात.’’

‘‘मी सध्या बाहेर आहे.’’

दोन्ही कर्णधारांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी माळीबुवा छत्रीखालून म्हणाले, ‘‘साहेब, जावा की आत. पोरं भिजत्यात.’’

साहेबांनी क्षणभर विचार केला, मान डोलावली, टचलाइनच्या कडेकडेने चालत पार शेवटच्या खेळाडूच्याही मागे गेले, आणि तिथून आत आले.