अव्वल नंबरची शाळा

बहिणीची बदली सावनेरला झाली, राहायला तिनं खापा निवडलं आणि भाच्यासाठी शाळा शोधायचं काम मी अंगावर ओढून घेतलं. "शेजारच्या काकूंना विचारते ना," ती म्हणत होती. काकूंना! देशभरातल्या शाळांची माहिती सरकारनं खुली करून ठेवलेली असताना?

आधी 'असर'चा अहवाल उघडला. दुसरीचा उतारा पाचवीच्या किती पोरांना वाचता येतो, हे ते 2005पासून सांगताहेत. पण त्यांची माणसं जातात खेड्यांत, आणि आमच्या खाप्याला इंग्रजी अमदानीपासून नगरपालिका! मग 2021चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. त्याचे निकाल जिल्ह्यापाशी येऊन थांबतात. नागपूर जिल्ह्याचे गुण कळून भाच्याला कोणत्या फाटकातून आत सोडायचं? उरलं यू-डायस. शाळेचा अकरा आकडी क्रमांक: पहिले 27 महाराष्ट्राचे, पुढचे 09 नागपूरचे. वर्गखोल्या, मुलींची स्वच्छतागृहं, नळ, वीज, रॅम्प, ग्रंथालय, सगळं त्यात. पोरांना वाचता येतं का, तेवढं सोडून.

तेवढ्यानं अडेल तो मी कसला? केंद्र सरकार राज्यांना हजारपैकी गुण देतं (2020-21ला महाराष्ट्राला 928 होते), तसे मी आजूबाजूच्या शाळांना द्यायला बसलो. कोणावर अन्याय नको म्हणून सगळं दर मुलामागे मोजलं. मध्यरात्री एक शाळा अशी उसळून वर आली की मी बायकोला उठवलं. "सहा पोरांमागे एक शिक्षक! खासगीवाल्यांच्या बापाला जमणार नाही!"

"झोपा आता," ती म्हणाली.

सकाळी गाडीला किक मारून कन्हानपलीकडे गेलो. भिंती रंगवलेल्या, नळाला पाणी, पटावर पोरं बारा. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेत साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक ठरलेले. त्यामुळे इथं जसजशी पोरं गळत गेली, तसतशी माझ्या तक्त्यात शाळा चढत गेली होती. आणखी दोन-चार वर्षांत एकही पोरगं उरलं नसतं, तर ती देशात पहिली आली असती.

मॅडम मात्र मला पाहून हरखल्या. 2023 साली वीसच्या आतल्या शाळा 'समूह शाळे'त घालायची टूम निघाल्यापासून फाटकातून येणारा कोणताही मामा त्यांना देवासारखा वाटत असावा. "आणा जी भाच्याला, नक्की आणा!" तेवढ्यात दुसरीतली एक पोट्टी पुस्तक घेऊन समोर उभी राहिली आणि कोणी सांगितलं नसताना तिनं अख्खा धडा घडाघडा वाचला. अनुस्वारसुद्धा सोडला नाही. हे कोणत्या रकान्यात भरावं, मला कळेना.

घरी येऊन भाच्याला तेरावा म्हणून तक्त्यात टाकून पाहिलं. सहाचे साडेसहा झाले आणि शाळा दुसऱ्या नंबरवर घसरली.

संध्याकाळी बहिणीचा फोन. काकूंच्या नातीच्या शाळेत नाव घालून झालं होतं. "वर्गात पोरं खूप आहेत दादा, पण तिथल्या मॅडम रोज एकेकाला उभं करून वाचून घेतात म्हणे."

मी त्या शाळेचा अकरा आकडी क्रमांक विचारला.

"भाजी करपते आहे बाप्पा, ठेवते," ती म्हणाली.